१/७२ शर्मन: वॉरगेमसाठी रणगाडा बांधताना

कपाटात ठेवायचा रणगाडा वर्षातून दोनदा पुसला जातो. वॉरगेममधला (मेजावर मॉडेलं मांडून खेळायच्या लढाईच्या खेळातला) रणगाडा एका संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा उचलला जातो, बहुतेक वेळा तोफेलाच धरून. म्हणून त्याची बांधणी वेगळी. त्यात गाव यवतमाळ-वर्धा-चंद्रपूरकडचं असेल तर मे महिन्याचं ४५ अंश ऊन, पावसाळ्याची ओल, बोअरचं जड पाणी आणि कूलरची हवा यांचाही हिशेब ठेवावा लागतो. रणगाड्याचे सुटे प्लास्टिकचे भाग ज्या सेटमध्ये येतात त्याच्या सूचनापत्रकात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

उदाहरणाला शर्मन हा अमेरिकन बनावटीचा रणगाडा घेतला आहे. सेट सहज मिळतो, आकार सुटसुटीत आहे आणि भारतीय मैदानही हाताशी आहे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईत भारतीय लष्कराच्या डेक्कन हॉर्सचे शर्मन, थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि एटथ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांपुढे उभे होते. उसाच्या वावरांत पाणी सोडून पॅटन चिखलात रुतवले गेले. मेजावर मांडायला यापेक्षा चांगला डाव शोधावा लागेल.

सेट निवडताना

१/७२ मध्ये (खऱ्याच्या ७२ पट लहान) खरा एक मीटर म्हणजे मॉडेलवर सुमारे १३.९ मिमी. शर्मनची लांबी ५.८४ मीटर आणि रुंदी २.६२ मीटर, म्हणजे मॉडेल ८१ मिमी लांब आणि ३६ मिमी रुंद. जुने १/७६ चे सेट त्याच मेजावर चालतात. त्यात शर्मन ७७ मिमी भरतो आणि दोन हातांवरून ४ मिमीचा फरक कुणाला कळत नाही. १५ मिमी सैनिकांसोबत १/१०० आणि २८ मिमी सैनिकांसोबत १/५६ घ्यायचा. ही मापं मात्र १/७२ सोबत मिसळू नका, ते लगेच दिसतं.

डब्यात दोन रणगाडे असलेले, कमी भागांचे जलद जोडणीचे सेट खेळासाठी उत्तम. शंभर-सव्वाशे भागांचा बारकाव्याचा सेट दिसतो छान, पण त्यातली निम्मी हत्यारं आणि हुक पहिल्या महिन्यात तुटतात. ट्रॅक (चाकांभोवतीचे साखळीसारखे पट्टे) कसे आहेत तेही आधी पाहा. चाकांसह एकाच तुकड्यात ओतलेले कडक प्लास्टिकचे ट्रॅक असतील तर तो सेट डोळे मिटून घ्या. रबरासारखे मऊ ट्रॅक असतील तर काम वाढेल. ते पुढे येतंच.

तालुक्याच्या बाजारातून काय आणायचं

शहरातल्या हॉबीच्या दुकानावर अडून राहण्यासारखं फारसं काही नाही. भाग कापायला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा बारीक साइड कटर, घड्याळवाल्याकडचा टोकदार चिमटा, स्टेशनरीतला ९ मिमी पात्याचा कटर. हार्डवेअरमधून ४००, ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर आणि एम-सीलची एक पुडी. टरेटसाठी (तोफेचा फिरता बुरूज) ५ बाय २ मिमीचं एक गोल चुंबक. फ्लेक्स-बॅनरवाल्याकडे ३ मिमी सनबोर्डची कात्रणं पडलेली असतात, ती बेससाठी. मेडिकलमधून ग्लिसरीन आणि गुरांच्या औषधांच्या दुकानातून १६ गेजच्या दोन नव्या सुया.

आणखी एक वस्तू जरूर आणा: ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकतात ते पाणी. त्यात क्षार नसतात. बोअरच्या पाण्यात रंग पातळ केला किंवा डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) भिजवले की सुकल्यावर पांढरी खार उमटते आणि काळपट हिरव्यावर ती डोळ्यांत खुपते. दुकानात शेजारीच ॲसिडची कॅन असते, तेवढी चिठ्ठी वाचून घ्या.

गोंदाचं गणित

बहुतेकांचं पहिलं मॉडेल इथेच बिघडतं. सेटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन. खरं प्लास्टिक सिमेंट त्याला चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. म्हणून असा सांधा खाली पडला तरी सहसा सुटत नाही. फेव्हिक्विकचा सांधा ठिसूळ असतो. मेजावरून एकदा पडला की टरेट एकीकडे, तोफ दुसरीकडे. फेव्हिक्विक फक्त धातू, रेझिन आणि मऊ ट्रॅकसाठी ठेवा.

पातळ प्लास्टिक सिमेंटची एक बाटली ऑनलाइन मागवा, ती दहा-बारा रणगाड्यांना पुरते. नाहीच मिळाली तर हार्डवेअरमधलं एनसी थिनर बारीक ब्रशने लावून काम भागतं. ते आक्रमक असतं, म्हणून आधी रिकाम्या स्प्रूवर (भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती) थेंब टाकून पाहा. वावरातल्या पीव्हीसी पाइपचं सोल्युशन घरात असतंच आणि हात आपसूक तिकडे जातो. तो मोह टाळा. ते घट्ट असतं, तार सुटते आणि रिव्हेट, बिजागऱ्या गिळून टाकतं. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने प्लास्टिक पांढरट आणि चिकट होतं, सांधा नीट धरत नाही.

पद्धत अशी: दोन्ही भाग आधी कोरडेच जुळवून धरा, मग भरलेला ब्रश सांध्याच्या एका टोकाला टेकवा. सिमेंट फटीतून आपोआप ओढलं जातं. ५-१० सेकंद हलकं दाबा. बोट सांध्यावर ठेवू नका. बोटाखाली ओघळलेल्या सिमेंटने तुमच्या अंगठ्याचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटेल. उन्हाळ्यात सिमेंट फटीत शिरण्याआधीच उडून जातं, त्यामुळे दुपारी १२ ते ५ जोडणी नको. खिडकी उघडी असावी आणि चूल, उदबत्ती खोलीच्या बाहेर. सिमेंट असो वा थिनर, दोन्ही पेट घेतात.

स्प्रूचे बारीक तुकडे एका छोट्या काचेच्या बाटलीत थोड्या सिमेंटमध्ये रात्रभर भिजवा. मधासारखं दाट झालं की तीच फटी भरायची पुट्टी. मॉडेलच्याच प्लास्टिकची असल्याने ती नंतर निघत नाही. मात्र जाड थर दिला तर दोन दिवसांनी आत बसते, म्हणून दोन पातळ थर द्या.

जोडणी

कापण्याआधी सगळे स्प्रू भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग नखाने सोलला जातो.

भाग स्प्रूपासून दोन टप्प्यांत कापा: आधी २-३ मिमी देठ ठेवून, मग देठ भागाला चिकटून. एकदम जवळून कापलं तर प्लास्टिक फाटून भागात खड्डा पडतो. साच्याची रेघ काढायला पात्याची पाठ उभी धरून खरवडा. धार वापरली तर सपाट पट्टा पडतो आणि गोल तोफ चौकोनी दिसायला लागते.

सुरुवात खालच्या हलपासून (रणगाड्याचं मुख्य धड). तळ आणि दोन बाजू जोडल्या की आरशावर ठेवा. आरसा सपाट असतो आणि प्रतिबिंबात तिरकेपण दुप्पट दिसतं. चारही कोपऱ्यांखाली पोस्टकार्ड सरकवून पाहा. पीळ असेल तर हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून उलट दिशेने हलका पीळ द्या आणि थंड पाण्यात धरा. उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांजवळ मऊ पडतं आणि पातळ भाग त्याच्या कितीतरी आधी वाकतात.

हल बंद करण्यापूर्वी दोन कामं. एक, वजन: ३०-४० ग्रॅम वॉशर किंवा नट एम-सीलने तळाला बसवा, मधोमध. नुसतं प्लास्टिक शर्टाच्या बाहीनेही मेजावरून उडतं. एम-सील उन्हाळ्यात मळतानाच कडक व्हायला लागतं, वाटाण्याएवढंच मळा. दुसरं, तळाला २ मिमीचं भोक. सिमेंटची वाफ आत कोंडली तर हलच्या भिंती आठवडाभर मऊ राहतात आणि बसतात. हे भोक विसरणाऱ्यांना दोष सेटमध्ये वाटतो.

शर्मनला दर बाजूला तीन बोगी (चाकं धरणाऱ्या चौकटी) आणि प्रत्येकीला दोन चाकं, एकूण बारा. दात असलेलं चाक पुढे येतं, कारण शर्मनचा गिअरबॉक्स नाकात आहे. पॅटनचं दातेरी चाक मागे असतं. दोन्ही सेट एकत्र करत असाल तर इथे हमखास अदलाबदल होते. बोगी लावून सिमेंट ओलं असतानाच हल परत आरशावर दाबा म्हणजे बाराही चाकं टेकतात. नंतर एखादं अधांतरी राहिलंच तर बेसच्या मातीत ते झाकलं जाईल. त्यापायी सांधा मोडू नका.

मऊ ट्रॅक आले असतील तर ते त्रास देणार. प्लास्टिक सिमेंट त्यांना धरत नाही, रंग सुकला की तडकतो. साबणाने धुवा, आधी फेव्हिकॉल आणि पाणी १:२ असा एक हात द्या, तो सुकला की रंग. दोन टोकं फेव्हिक्विकने आणि आतून शिवणाच्या दोऱ्याच्या दोन टाक्यांनी जोडा. जोड वरच्या बाजूला, मडगार्डखाली लपवा. ट्रॅक ताणून बसवला तर सहा महिन्यांत पुढचं चाक आत ओढलं जातं. वरच्या रोलरवर जरा सैल टेकलेला ट्रॅक खऱ्यासारखा दिसतो आणि टिकतोही.

टरेटला सेटमध्ये दोन आकड्या असतात, वळवून अडकवायच्या. त्या कापून टाका. टरेटच्या बुडाला चुंबक आणि हलच्या आत, टरेटच्या भोकाखाली, लोखंडी वॉशर लावा. मधलं अंतर अर्धा मिमी. टरेट फिरतो, धक्का लागला तर तुटण्याऐवजी निघून येतो. टरेटच्या खालच्या कड्यावरून वॉटर पेपर फिरवून थोडी फट ठेवा, रंगाचे तीन थर चढल्यावर ते जाम होतं.

सेटची तोफ दोन अर्धुकांची असेल तर फेकून दिली तरी चालेल. ७५ मिमीची तोफ १/७२ मध्ये १.०४ मिमी भोकाची. गुरांच्या १६ गेज सुईचा बाहेरचा व्यास सुमारे १.६५ मिमी आणि आतलं भोक जेमतेम १.२ मिमी, म्हणजे जवळपास तयारच तोफ! तिरकं टोक कानसने घासून काढा. चिमट्याने मोडू नका, नळी चपटी होते आणि टोक डोळ्याकडे उडतं. मुखवट्यात (तोफ जिथून बाहेर येते ती टरेटपुढची ढाल) ५ मिमी खोल भोक पाडून फेव्हिक्विकने बसवा. आता तोफेला धरून कुणी रणगाडा उचलला तरी फार तर टरेट चुंबकावरून सुटेल.

टरेटवरची मशिनगन सगळ्यात आधी तुटते. लावायचीच तर नळी खाली करून, छताला चिकटवून लावा. अँटेना झाडूच्या नायलॉन काडीची. तार डोळ्यात जाते. गुंडाळलेल्या ताडपत्र्या एम-सीलच्या करा, किंवा टिश्यू पेपर १:१ फेव्हिकॉल-पाण्यात भिजवून. बाजूला लावलेली अशी एक ताडपत्री बोटांना धरायला जागा देते आणि फटही झाकते.

प्राइमर आणि रंग

गाडीच्या पेंटच्या दुकानातला राखाडी प्राइमर स्प्रे चालतो, पण त्यातलं द्रावक प्लास्टिक खाऊ शकतं. २५-३० सेंमीवरून, मॉडेलच्या बाहेर स्प्रे सुरू करून बाहेरच थांबवत, पातळ फवारे. दोन फवाऱ्यांत दहा मिनिटं. जवळून ओला थर दिला की प्लास्टिकवर सुरकुत्या येतात, त्यावर इलाज नाही.

हवामान इथे सगळ्यात जास्त चावतं. मे महिन्यात थेंब हवेतच सुकतात आणि मॉडेलवर वाळूचा कागद तयार होतो. पावसाळ्यात ओल थरात अडकून पांढरा धुरकटपणा येतो, विशेषतः मॅट व्हार्निशला. दिवाळी ते होळी हा रंगाचा हंगाम समजा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सातच्या आत. ओल मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उघडा. मीठ ओलं झालं असेल तर हवेत ७०-७५ टक्क्यांच्या आसपास ओल आहे, त्या दिवशी स्प्रे नको. कूलर चालू असलेल्या खोलीत तर कधीच नको: ओल, धूळ आणि वाळ्याचे तुसे, तिन्ही एकदम मॉडेलवर येऊन बसतात. रंगवलेलं मॉडेल टिनाच्या छपराखालच्या पेटीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

मूळ रंगासाठी चित्रकलेचे ॲक्रिलिक पुरेसे: सॅप ग्रीन ६ भाग, बर्न्ट अंबर २, यलो ऑकर १, पांढरा अर्धा. पांढरा लागतो तो मापामुळे. लहान वस्तूवर गडद रंग अजून गडद दिसतो, आणि मेजावर काळा ठिपका काय कामाचा? बॅटरीच्या पाण्याने दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्या. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, तेव्हा रंग कालवायच्या पाण्याच्या अर्ध्या वाटीत ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका. जास्त झालं तर थर आठवडाभर चिकट राहतो. टिफिनच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. एवढ्याने एकदा कालवलेला रंग संध्याकाळपर्यंत टिकतो.

त्यावर चमकदार व्हार्निश, मग डेकल. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा राहते आणि कडा चंदेरी दिसतात. अमेरिकन सेटमधले पांढरे तारे भारतीय शर्मनवर लावू नका. त्या काळचा खात्रीचा फोटो समोर नसेल तर चिन्हंच नकोत; कोरा रणगाडा चुकीच्या रणगाड्यापेक्षा बरा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रणगाडे जवळून पाहता येतात. सांधे, वेल्डिंग, चाकांची रचना तिथे पाहून घ्या, रंग मात्र तिथला उचलू नका; तो देखभालीसाठी पुन्हा पुन्हा दिलेला असतो.

एक दिवस सुकू दिल्यावर वॉश, म्हणजे फटींत उतरणारा अगदी पातळ गडद रंग. कॅमलच्या बर्न्ट अंबर तेलरंगाचा तांदळाएवढा ठिपका अर्ध्या चमचा टर्पेंटाइनमध्ये. बारीक ब्रशने फक्त फटी, रिव्हेट आणि बिजागऱ्यांच्या कडेला टेकवा. सगळ्या रणगाड्यावर माखला तर तो मळका दिसतो, जुना दिसत नाही. आणि उघड्या प्लास्टिकवर टर्पेंटाइन साचू देऊ नका, ताणातले सांधे तडकतात.

कडांवर कोरडा ब्रश: मूळ रंगात ऑकर मिसळा, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा, मग फिरवा. ट्रॅकवर चंदेरी रंग फासायची सवय सोडा. शर्मनच्या बऱ्याच ट्रॅकना रबरी पट्ट्या असत. चकाकतील ते फक्त टोकांचे जोड आणि दातेरी चाकाचे दात. बाकी ट्रॅक करडा-तपकिरी. चाकांच्या धावाही रबरी, गडद राखाडी.

माती आणि धूळ

गंजाला गेरू, धुराड्यावर चुलीची काजळी, धुळीला वस्त्रगाळ मुरूम. तिन्ही फुकट. टर्पेंटाइनमध्ये कालवून लावा, सुकल्यावर जास्तीची पुसा. माती आधी तव्यावर दहा मिनिटं भाजा, नाहीतर पावसाळ्यात बेसला बुरशी धरते.

आपल्या वावरातली काळी माती फेव्हिकॉलमध्ये कालवून बेसवर थापायची इच्छा सगळ्यांनाच होते. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. वावराला मे महिन्यात भेगा पडतात तशाच बेसलाही पडतात आणि थर खपल्यांनी निघतो. शिवाय खेमकरण पंजाबात आहे, तिथली गाळाची माती फिकट पिवळसर-तपकिरी. चाळलेला मुरूम आणि बारीक रेती समप्रमाणात, थोडा ऑकर रंग, १:१ फेव्हिकॉल-पाणी: हे मिश्रण भेगाळत नाही. ऊस करायचा तर झाडूच्या हिरव्या रंगवलेल्या काड्या २५-३० मिमी उंच, दाट ओळींत. धुऱ्यावरची झाडं पऱ्हाटीच्या वाळल्या फांद्यांची.

बेस ९० बाय ४५ मिमी. सनबोर्डच्या एकाच बाजूला फेव्हिकॉल लावला तर तो पापडासारखा वळतो, म्हणून खालच्या बाजूलाही एक हात द्या. वळलाच तर ओला करून वहीखाली रात्रभर दाबून ठेवा.

शेवटी पुन्हा चमकदार व्हार्निशचे दोन हात, कारण हातांचा घाम आणि तेल तोच अडवतो, आणि त्यावर मॅटचा एक पातळ हात. नुसतं मॅट दिलं तर वर्षभरात तोफेच्या मुळाशी आणि टरेटच्या कडेला प्राइमर दिसायला लागतो.

नेआण आणि नष्ट झालेल्या रणगाड्याची खूण

एसटीने किंवा गाडीवरून न्यायचं तर बेसखाली दोन चुंबकं आणि लोखंडी पत्र्याचा डबा. स्टीलचा डबा असेल तर आधी चुंबक लावून पाहा, बऱ्याच चांगल्या स्टीलला ते धरतच नाही. अशा डब्यात पत्र्याचा तुकडा तळाला चिकटवा. रणगाडे नाकासमोर नाक न ठेवता आलटून पालटून ठेवा, तोफा एकमेकांत अडकत नाहीत.

नष्ट झालेला रणगाडा दाखवायला मॉडेलला हात लावायची गरज नाही. वॉशरमध्ये ६-७ सेंमी तार उभी करा, तिच्याभोवती सरकी काढलेली रुई सैल पिंजून गुंडाळा. खाली दाट, वर विरळ आणि एका बाजूला झुकलेली, कारण धूर सरळ वर जात नाही. काळा स्प्रे खालून द्या, टोक राखाडी राहू द्या. बुडाशी दिवाळीच्या लुकलुकत्या बॅटरी दिव्यातला पिवळा बल्ब लपवला तर आग आतून पेटल्यासारखी दिसते. रुई आणि वाळलेला स्प्रे, दोन्ही झटकन पेट घेतात, त्यामुळे खेळाच्या मेजावर मेणबत्ती नको, लाइट गेली तरी.